अश्रुपिंडातील एक दुर्मिळ गाठ आणि तिचे निदान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा त्यांच्या मनात ‘डोळ्यांची निगा’ हा विषय होता. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचे नंबर, मुलांचे मोबाईलला डोळे लावून बसणे, यांविषयी चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. आम्ही मात्र विषय बदलून मागितला. अश्रुपिंडात, म्हणजे जेथे आसवे तयार होतात त्या अवयवात, मज्जातंतूच्या आवरणापासून उद्भवणारी सौम्य गाठ आणि तिचे निदान, असे विषयाचे नाव ऐकून कार्यवाह क्षणभर स्तब्ध झाले. “डॉक्टरसाहेब, हे होते तरी कितीजणांना?” असे त्यांनी विचारले. “फारच थोड्यांना. चाळीस वर्षांच्या व्यवसायात आम्ही अशी एकच पाहिली,” असे आम्ही उत्तर दिले. मग एवढी माणसे बसवून ते ऐकवण्याचे प्रयोजन काय, हा पुढचा प्रश्न त्यांनी सभ्यपणे मनातच ठेवला. त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

उत्तर दुहेरी आहे. गाठ दुर्मिळ असली, तरी तिच्या जागी होणाऱ्या इतर गाठी तितक्या दुर्मिळ नाहीत; आणि त्या जागेचा एक नियम लोकांच्या नेहमीच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. तो न पाळल्यामुळे माणसाचा डोळा जाऊ शकतो. एकाचा आमच्या हातून गेला आहे. दुसरे असे की, आम्ही पाहिलेल्या त्या एकमेव गाठीच्या बाबतीत आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेने साक्ष दिली आहे. ती कशी, ते ओघाने येईल.

प्रथम जागा दाखवतो. उजव्या हाताची तर्जनी उजव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या कडेवर ठेवावी. त्या कडेच्या आतल्या अंगास, कपाळाच्या हाडात एक उथळ खळगी असते. तीत बदामाच्या आकाराचा अश्रुपिंड वसलेला असतो. लांबी सुमारे २० मिलिमीटर, रुंदी १२ आणि जाडी ५. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पडदा मध्ये शिरून त्याचे दोन भाग करतो. मोठा भाग वर खळगीत आणि धाकटा पापणीच्या आतल्या बाजूस. निरोगी माणसात हा पिंड बोटास सहसा लागत नाही. पुष्कळांचा समज असा की आसवे नाकाजवळच्या कोपऱ्यातून येतात. वस्तुतः तेथून ती जातात. बाहेरच्या वरच्या अंगाने येतात, डोळा धुऊन काढतात आणि नाकाजवळच्या दोन सूक्ष्म छिद्रांवाटे नाकात उतरतात. रडणाऱ्यास नाकही पुसावे लागते ते यामुळेच.

या पिंडाकडे एक बारीक मज्जातंतू जातो. चेहऱ्यास स्पर्शज्ञान देणारी मज्जातंतूंची जी पाचवी जोडी मेंदूतून निघते, तिच्या पहिल्या शाखेस तीन फाटे फुटतात. त्यांतील हा सर्वांत लहान. पिंडातून पुढे सरकून तो वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यातील त्वचेत पसरतो. त्या एवढ्याशा त्वचेची संवेदना याच्या स्वाधीन असते. हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मज्जातंतू म्हणजे उघडी तार नव्हे. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे पुष्कळशा मज्जातंतूंभोवती पेशींचे वेष्टन असते. या पेशींना थिओडोर श्वान (१८१०–१८८२) या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. प्राण्यांचे सारे शरीर पेशींचेच बनलेले असते, हा सिद्धांत १८३९ साली ग्रंथरूपाने मांडणारे ते हेच. त्यांच्या नावावरून या पेशींपासून होणाऱ्या गाठीस ‘श्वानोमा’ म्हणतात. आमच्या रुग्ण भगिनीच्या मातोश्रींनी हा शब्द ऐकला आणि घाबऱ्या स्वरात विचारले, “लहानपणी हिला कुत्रे चावले होते, त्याचे का हे?” आम्हांस हसू आवरावे लागले; परंतु आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच तसा, त्यात त्या माउलीचा काय दोष?

मज्जातंतूच्या आवरणाच्या सौम्य गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या. श्वानोमा ही सुतळीच्या एका बाजूस चिकटलेल्या मेणाच्या गोळ्यासारखी असते. तिला स्वतःचे आवरण असते, आणि पुष्कळदा मूळ तंतू बाजूला ठेवून ती सोलून काढता येते. दुसरी न्यूरोफायब्रोमा. ही म्हणजे सुतळीचे पदर उसवून त्यांत कापूस भरावा तशी. तंतू तिच्या पोटातूनच गेलेले असतात. डोळ्याच्या खोबणीत होणाऱ्या एकंदर गाठींत श्वानोमाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास. त्यांतल्या बहुतेक कपाळाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपासून उद्भवतात. प्रत्यक्ष अश्रुपिंडातील श्वानोमाविषयी वैद्यकीय नियतकालिकांत एकेकट्या रुग्णांचे वृत्तांतच काय ते आढळतात.

आता अडचण पाहा. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली सूज आली, तर ती काय काय असू शकते? पिंडास नुसती सूज आली असेल; ती दिवसांत किंवा आठवड्यांत येते, दुखते, लाल होते. क्षयासारख्या जुनाट रोगानेही येते. लिम्फोमा असेल, तो बहुधा उतारवयात, न दुखता येतो आणि डोळ्याभोवती ओल्या कणकेसारखा बसतो. लहान मुलात जन्मतःच असलेली द्रवाची पिशवी असेल. पिंडाच्या स्वतःच्या पेशींची ‘प्लिओमॉर्फिक अडिनोमा’ नावाची सौम्य गाठ असेल. पूर्वी तिला मिश्र गाठ म्हणत. आपणही तेच नाव चालवू. आणि सर्वांत भयंकर म्हणजे अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा कर्करोग असेल. तो मज्जातंतूंच्या कडेकडेने सरपटत जातो, म्हणून दुखतो, त्वचा बधिर करतो आणि हाड खातो. या गर्दीत आमची ती श्वानोमा एका कोपऱ्यात उभी असते. ती आहे असे आधी कोणाच्या मनातही येत नाही.

अशा वेळी घरची मंडळी एकच गोष्ट मागतात. “तुकडा काढून तपासून टाका, म्हणजे जिवाला घोर नको.” शरीराच्या इतर बहुतेक जागी हा सल्ला उत्तमच. या जागी मात्र मिश्र गाठीचा संशय असला, तर तुकडा काढणे म्हणजे पिकल्या डाळिंबास सुरी लावून मग ते अखंड उचलू पाहण्यासारखे आहे. आवरण फाटते, पेशी खोबणीत सांडतात आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी दहा उगवतात. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या फाँट व गॅमेल यांच्या पाहणीत, गाठ आवरणासह अखंड काढलेल्यांत ती पाच वर्षांत पुन्हा होण्याचे प्रमाण शेकडा ३, तर आधी तुकडा घेतलेल्यांत शेकडा ३२ दिसले. अलीकडे काही शल्यविशारद हा नियम इतका कडक असू नये असे म्हणतात, आणि काही ठिकाणी बारीक सुईने पेशी काढून पाहतात. त्यावर वाद चालू आहे. आमचे मत जुन्या बाजूचे आहे. ते का, ते सांगतो.

१९८७ सालची गोष्ट. आम्ही नवखे होतो. गिरणीत काम केलेले, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. उजवा डोळा खाली सरकलेला. “सहा महिने झाले असतील,” असे ते म्हणाले. सहा महिन्यांत एवढे म्हणजे कर्करोगच, असे आम्ही मनाशी ठरवले आणि तुकडा घेतला. फाँट व गॅमेल यांचे ते आकडे आम्ही वाचलेले होते, हे लपवून काय होणार? वाचलेले होते, पण ‘सहा महिने’ हे शब्द त्यांहून मोठे वाटले. तुकडा मिश्र गाठीचा निघाला. मग उरलेली गाठ काढली आणि सर्व ठीक झाले असे वाटले. १९९४ साली ते पुन्हा आले. खोबणीत बोरांसारख्या गाठी हाताला लागत होत्या. बोलता बोलता त्यांनी खिशातून आपला गिरणीचा जुना पास काढून दाखवला, १९७६ सालचा. “तेव्हा कसा होतो बघा,” एवढ्याच हेतूने. त्या टिकलीएवढ्या छायाचित्रातही त्यांचा उजवा डोळा डाव्याहून किंचित खाली होता. सहा महिने नव्हे, अकरा वर्षे ती गाठ तेथे होती. आणि ती हळूहळू वाढणारी सौम्य गाठ आहे हे सांगणारा पुरावा १९८७ सालीही त्यांच्या खिशातच होता. आम्ही विचारले नव्हते. १९९८ साली त्या गाठींनी रूप पालटले, कर्करोग झाला, आणि डोळा पापण्यांसकट काढावा लागला. प्राण वाचले. त्यांनी आम्हांस कधी एक शब्द बोल लावला नाही, त्याचेच ओझे अधिक आहे.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत येणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णास आम्ही जुनी छायाचित्रे आणावयास सांगतो. ही काही आमची युक्ती नव्हे. नेत्रवैद्यकाच्या पाठ्यग्रंथांत ती पूर्वापार आहे. आम्हीच ती उशिरा शिकलो.

२०१६ साली आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी आल्या. वय ४३, व्यवसायाने शिक्षिका. त्या आज या सभागृहातही आहेत आणि ही हकीकत त्यांच्या संमतीने सांगत आहोत. नाव सांगू नका असे त्यांनी म्हटलेले नाही, तरी आम्ही ते सांगत नाही. डावा डोळा थोडा पुढे आलेला, वरची पापणी बाहेरच्या बाजूस जड. घरच्यांचे म्हणणे, सहा महिने. पुन्हा तेच सहा महिने! मातोश्री मात्र म्हणाल्या, “तिचा तो डोळा पहिल्यापासून बारीकच आहे.” एकाच घरातील या दोन साक्षी, कोणती खरी मानावी?

तपासणीत डोळा ३ मिलिमीटर खाली आणि थोडा नाकाकडे सरकलेला आढळला. अश्रुपिंड वर आणि बाहेर असल्यामुळे तेथली गाठ डोळ्यास नेमके याच दिशेने ढकलते. डोळा किती पुढे आला हे मोजण्याचे एक साधे उपकरण आहे. १९०५ साली हर्टेल यांनी ते सुधारून दिले आणि त्यांच्याच नावाने ते आजही वापरतात. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. येथे ४ चा होता. दृष्टी उत्तम. दुखणे नाही. मग आम्ही कापसाची बारीक वात करून दोन्ही बाजूंच्या कपाळावरून, गालावरून, पापण्यांवरून फिरवली. सर्वत्र सारखे लागले. फक्त डाव्या वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात त्या म्हणाल्या, “इथे जरा कमी कळतंय.”

येथे आमच्या पोटात गोळा आला. अश्रुपिंडातून जाणाऱ्या त्याच लहान मज्जातंतूची ही जागा. ती बधिर होते याचा पहिला अर्थ कोणताही नेत्रवैद्य घेईल तो मज्जातंतूच्या कडेने सरपटणाऱ्या कर्करोगाचा. कर्करोगाचा खरा संशय असेल, तर तुकडा घ्यावाच लागतो. तेथे तुकडा न घेणे हा अपराध. सौम्य गाठ असेल तर तुकडा घेणे हा अपराध. बधिरता एका बाजूस ओढत होती, वेदनेचा अभाव दुसऱ्या बाजूस. निर्णय काळावर अवलंबून होता: सहा महिने की सहा वर्षे?

आम्ही छायाचित्रे मागितली. घरातील पुष्कळशी एका पावसाळ्यात भिजून गेली होती. मग त्यांच्या बंधूंना आठवले की बहिणीची छायाचित्रे मंडळाच्या स्मरणिकेत येऊन गेली आहेत. ते दुसऱ्या दिवशी जुन्या अंकांचा गठ्ठाच घेऊन आले. १९८९ च्या अंकात शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार. २००८ च्या अंकात महिला शाखेचे हळदीकुंकू. २०१२ च्या अंकात संमेलनातील नाट्यप्रवेश. परंतु छापील चित्रास भिंग लावले की नुसते ठिपके दिसतात, डोळा दिसत नाही. कार्यालयातील कपाटात मूळ छायाचित्रे पाकिटांत वर्षवार ठेवलेली होती. ज्या कोणी जुन्या कार्यवाहांनी ती शिस्त घालून दिली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

छायाचित्र वाचण्याचीही एक रीत आहे. मान कलती असेल तर डोळे वरखाली दिसतात, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवरून पट्टी ठेवून रेष आखावयाची आणि बाहुलीतील प्रकाशाचा ठिपका त्या रेषेपासून किती दूर आहे ते मोजावयाचे. चित्र उलटे छापलेले नाही ना, हेही पाहावे लागते. नाहीतर डाव्याचे उजवे होते. येथे मागच्या कापडी फलकावरील मंडळाचे नाव सुलटे वाचता येत होते, म्हणून ती शंका मिटली. १९८९ साली दोन्ही डोळे एका रेषेत. २००८ साली डावा किंचित खाली. २०१२ साली आणखी थोडा. त्यानंतरची चित्रे त्यांच्या मोबाईलवर होतीच. त्यांत वाढ दिसली, पण एकाएकी उडी दिसली नाही. हेही महत्त्वाचे, कारण जुनी शांत गाठ अचानक वाढू लागली तर ती बिघडल्याचा संशय घ्यावा लागतो. गाठ निदान आठ वर्षांची होती आणि तिची चाल बदललेली नव्हती. मातोश्रींचा ‘बारीक डोळा’ही अगदीच खोटा नव्हता, तो ‘पहिल्यापासून’ मात्र नव्हता.

यंत्रांची साक्ष यानंतर घेतली. सी.टी. स्कॅन हाडाविषयी बोलतो. कर्करोगाने हाड कुरतडलेले दिसते. येथे खळगी गुळगुळीत रुंदावलेली होती, वर्षानुवर्षे पाणी पडून दगडास खोलगा पडावा तशी. एम.आर.आय. मांसल भागाविषयी बोलतो. गाठीची कड स्वच्छ, आतील भाग एका प्रकारच्या चित्रात उजळ पण एकसारखा नव्हे, कोठे गडद कोठे फिकट; औषध टोचल्यावर ती हळूहळू उजळत गेली. श्वानोमाचे चित्र असेच असते. पण मिश्र गाठीचेही असू शकते. ज्यांना वाटते की एम.आर.आय. काढला म्हणजे रोगाचे नाव छापून येते, त्यांनी हे ऐकून ठेवावे. या जागी ही यंत्रे गाठीचे वर्तन सांगतात. जात सांगत नाहीत.

सर्व जमेस धरून आम्ही मिश्र गाठ असे टिपण केले आणि तुकडा न घेता, खोबणीच्या बाहेरच्या बाजूचे हाड उचलून, गाठ आवरणासह अखंड काढली. हाड उचलून मागाहून जागच्या जागी बसवण्याची ही वाट मुळात १८८८ सालची, झुरिकच्या क्रोनलाइन यांची. अश्रुपिंडाचा पापणीकडील भाग वाचवता आला. गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून आमच्या विकृतिशास्त्रज्ञ मित्राकडे धाडली. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. “तुम्ही लिहिलेत ते हे नव्हे,” ते म्हणाले, “या, दाखवतो.”

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते घरगुती उपमेने सांगतो. काही भागात लांबट पेशींची दाटी, तर काही भागात विरळ, पाणथळ रान. स्वीडनचे आंटोनी यांनी १९२० साली हे दोन प्रकार वेगळे करून सांगितले, म्हणून त्यांना आंटोनी ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. दाट भागात एक विशेष रचना होती. पंगतीत समोरासमोर पाने मांडून मध्ये वाढप्यास वाट सोडावी, तशी पेशींची केंद्रे दोन ओळींत समोरासमोर आणि मध्ये केंद्रविरहित मोकळा पट्टा. १९१० साली व्हेरोके यांनी हिचे वर्णन केले. ही पंगत दिसली की श्वानोमा बहुतेक निश्चित.

तथापि आमचे मित्र सावध गृहस्थ. त्यांनी एस-१०० या प्रथिनाची रंगपरीक्षा केली. १९६५ साली मूर यांनी जनावराच्या मेंदूतून हे प्रथिन वेगळे केले. अमोनियम सल्फेटच्या पूर्ण, म्हणजे शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळते, म्हणून त्याचे नाव एस-१००. श्वान पेशींत ते भरपूर असते आणि सारी गाठ तपकिरी रंगते. न्यूरोफायब्रोमात निरनिराळ्या पेशींची सरमिसळ असल्याने रंग विखुरलेला येतो. येथे एक खाचखळगा आहे: मिश्र गाठीतील काही पेशीही एस-१०० ने रंगतात. तेव्हा तेवढ्यावर विसंबून भागत नाही. पिंडाच्या पेशींत असणाऱ्या केराटिन या प्रथिनाचीही परीक्षा करावी लागते. ती येथे नकारार्थी आली. सॉक्स-१० ही आणखी एक परीक्षा सकारार्थी आली, आणि श्वानोमा हे नाव कागदावर उतरले.

मित्राने आणखी एक काच दाखवली. गाठीच्या एका जुन्या भागात पेशींची केंद्रे मोठी, वेडीवाकडी, काळपट झालेली होती. श्वानोमा फार वर्षांची झाली की तिच्यात असा जीर्णपणा येतो. तो निरुपद्रवी असतो, पण नवख्या डोळ्यास कर्करोगासारखा भासतो. “नुसता एवढाच तुकडा माझ्याकडे आला असता,” ते म्हणाले, “तर मी घाबरलो असतो, आणि पाणथळ भागातला आला असता तर काहीच सांगू शकलो नसतो.” म्हणजे तुकड्याने आवरण फाटते एवढाच दोष नव्हे, येथे तुकडा खोटेही बोलला असता. आम्ही नाव चुकलो होतो. बधिर कोपऱ्याचा अर्थ कर्करोगाकडे नव्हे तर त्या तंतूच्याच गाठीकडे नेतो, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. पण मिश्र गाठ असो वा श्वानोमा, दोहोंची वाट एकच होती, आणि ती वाट चुकली नाही.

व्याख्यानाच्या या टप्प्यावर मागल्या रांगेतून एक चिठ्ठी आली: हा रोग आनुवंशिक आहे काय? एकाकी श्वानोमा बहुधा आनुवंशिक नसते. अनेक ठिकाणी होऊ लागल्या, विशेषतः दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर, तर बाविसाव्या गुणसूत्रावरील दोषाचा शोध घ्यावा लागतो. न्यूरोफायब्रोमाचे मात्र निराळे. डोळ्याच्या वरच्या पापणीत व अश्रुपिंडात पसरणारा तिचा जाळीदार प्रकार बहुधा बालपणीच दिसू लागतो. पापणीची कड आडव्या नागमोडीसारखी होते आणि आत दोऱ्यांची गुंतवळ असल्यासारखी हाताला लागते. रेक्लिंगहाउसेन यांनी १८८२ साली वर्णिलेल्या रोगाचे हे अंग असते. त्याचे जनुक १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर सापडले. याचे निदान तुकड्यावाचून, नुसत्या डोळस पाहण्याने होऊ शकते. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, लहानपणी ५ मिलिमीटरहून आणि वयात आल्यावर १५ मिलिमीटरहून मोठे. काखेत बारीक ठिपके. आणि बुबुळाच्या रंगीत पडद्यावर लिश यांनी १९३७ साली वर्णन केलेले सूक्ष्म उंचवटे. एखाददुसरी जन्मखूण सर्वांनाच असते, तिने घाबरू नये. ही गाठ अखंड निघत नाही, कारण तिला कड नसते. गरजेपुरती कमी करता येते. मुलांतील न काढता येणाऱ्या अशा गाठींसाठी सेलुमेटिनिब या पोटात घेण्याच्या औषधास २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

या रोगात आईबापांपैकी एकास दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. पण जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो घराण्यात पूर्वी नसतानाच नव्याने उद्भवतो. ग्रहणात विळी धरल्याने तो होत नाही आणि नात्यात लग्न केल्यानेही होत नाही. सुनेच्या माहेरास बोल लावण्यापूर्वी एवढे कळलेले बरे. आपल्या वधूवर मेळाव्यात मुलीचा डोळा दिसू नये म्हणून एका बाजूनेच छायाचित्र काढून पाठवल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत. लग्न ठरेपर्यंत वैद्याकडे नेऊ नये, गवगवा होईल, असे सांगणारे वडीलधारेही ठाऊक आहेत. त्यांचे भय आम्ही समजतो, पण त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. त्या दोन-तीन वर्षांत कर्करोग असेल तर तो मेंदूकडे सरकतो, आणि सौम्य गाठ असेल तर दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब पडून गेलेली नजर परत येत नाही.

आमच्या त्या भगिनी आता पूर्ववत शाळेत जातात. डाव्या डोळ्यात आसवे थोडी कमी येतात, म्हणून दिवसातून चार वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागतात. पापणीचा तो कोपरा अधिक बधिर झाला आहे. मूळ तंतू गाठीबरोबरच काढावा लागला होता. वर्षातून एकदा तपासणी होते. गाठ पुन्हा दिसलेली नाही.

शेवटी एक कबुली. २०१६ साली मंडळाच्या कार्यालयातून नेलेली १९८९, २००८ आणि २०१२ ची तीन मूळ छायाचित्रे आमच्या फाइलीतच राहून गेली होती. ती पाकिटासह आणली आहेत आणि आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. उशिराबद्दल क्षमस्व. १९८९ च्या चित्रावर पेन्सिलीने आखलेली रेष आमची आहे. खोडरबराने पुसली जाईल.